ओट्यावरचे शेंगदाणे

ओट्यावर शेगडीच्या डाव्या अंगाला, तेलाच्या बरणीजवळ, तीन शेंगदाणे एका रांगेत ठेवलेले दिसायचे. सांडलेले वाटत नसत. कुणीतरी बोटाने सरळ करून ठेवावेत तसे असत. मी ते उचलून तोंडात टाकायचे, फडकं मारायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. किती दिवस हे चाललं होतं कुणास ठाऊक. मग श्रावणातल्या एका रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आई कुकरसमोर उभी होती. एक हात ओट्यावर टेकलेला, दुसऱ्या हाताची मूठ, मान किंचित पुढे, नजर शिट्टीवर. शिट्टी थरथरली, वर उचलली गेली, वाफेचा फवारा खिडकीच्या काचेपर्यंत गेला, घरभर तो आवाज भरला. आईने मुठीतून एक दाणा काढला आणि आधीच्या दोघांशेजारी ठेवला. गॅस बंद केला. वळली तर दारात मी. "उठलीस?" म्हणाली आणि तिन्ही दाणे हातात गोळा करून डब्यात टाकले. मीही काही विचारलं नाही. चहा झाला, पेपर झाला, पण तो दाणा ठेवणारा हात दिवसभर डोळ्यांसमोरून जाईना.

आई कुकरच्या शिट्ट्या डोळ्यांनी मोजत होती.

शिट्ट्या मोजणं हे आपल्या घरांत कुणी काम म्हणून धरतच नाही. आपण भाजी निवडत असतो, फोनवर बोलत असतो, पोराच्या दप्तरात डबा कोंबत असतो आणि पाठीमागे कान आपले आपण मोजत असतात. तिसरी झाली की पाय आपोआप शेगडीकडे वळतात. डोळ्यांना ते जमत नाही. डोळ्यांना मोजायचं तर समोर उभं राहावं लागतं, नजर हलवता येत नाही, आणि तरीही मधेच दुसरी होती की तिसरी असा गोंधळ होतोच, म्हणून दाणे. आठच दिवसांपूर्वी वरणाच्या डाळीचा नुसता गाळ झाला होता आणि मी आईला म्हणाले होते, "अगं, किती शिट्ट्या काढल्यास? लक्ष कुठे होतं?" ती म्हणाली होती, "राहिलं बाई मोजायचं." आवाजात जराही तक्रार नव्हती. आता मला तिचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होती. २००८ साली निवृत्त झाली. निफाड तालुक्यातल्या ज्या शाळेत तिची बरीच वर्षं गेली, तिच्यावर पत्रे होते, पावसाळ्यात ते असे वाजायचे की शेजारच्या मुलाचं बोलणं कळू नये. त्या आवाजातही शेवटच्या रांगेत कोण कुजबुजलं ते आई फळ्याकडे तोंड असताना ओळखायची. मी तिच्याच वर्गात होते, चौथीत. शुद्धलेखन घालताना ती वर्गातून सावकाश फिरायची आणि शब्द असा उच्चारायची की लिहिणाऱ्याच्या हाताला कळावं. 'विशेष' म्हणताना शहामृगाचा श आणि पोटफोड्या ष दोन्ही वेगळे ऐकू यायचे. बाहेर कुणी तो फरक करत नाही, आई करायची. 'पाणी'तला ण ती जीभ टाळूला नेऊन म्हणायची आणि ज्या मुलांच्या घरात 'पानी' होतं त्यांना कधी हसू द्यायची नाही, त्यांना जवळ बोलवून तीनदा म्हणून दाखवायची आणि म्हणायची, "तोंडाकडे बघ माझ्या. आता ऐक." अक्षरं कानातून हातात उतरतात यावर तिची श्रद्धा होती. त्याच आईला गेली दोन-तीन वर्षं फोन आणि कोण यांतला फरक कळत नव्हता. "आई, फोन आलाय" म्हटलं की ती दाराकडे बघून "कोण आलंय?" विचारायची. साखर संपली म्हटलं की "भाकरी आहे की सकाळची" म्हणायची. आम्हाला वाटायचं, वय झालं, लक्ष नसतं.

चौथीतच माझा उजवा कान फुटला होता. आठवडाभर सर्दी होती, मग एका रात्री कानात असा ठणका सुरू झाला की मी उशी चावत होते. सर्दी नाकातून कानात कशी जाते हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. घशाच्या मागून कानाच्या पडद्यामागे जाणारी एक बारीक नळी असते. कसारा घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते तिच्यामुळे. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते, म्हणून घशातला जंतू सहज वर पोचतो. पडद्यामागे पू साचतो, ताण वाढतो, आणि पडदा फाटून वाट मिळाली की दुखणं एकदम थांबतं. माझं पहाटे थांबलं, उशीवर पिवळा डाग पडला. त्या रात्री आईने मला मांडीवर घेऊन तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी कानामागे धरली होती. शेजारच्या काकू लसूण घालून कढवलेलं तेल वाटीत घेऊन आल्या होत्या, आणि आईने त्यातले दोन थेंब कानात सोडलेही. ते तेल आत जातानाचा आवाज मला अजून आठवतो, आणि पाठोपाठ आईचा आवाज पाण्याखालून यावा तसा झाला होता. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितलं की फुटक्या कानात तेल घालायचं नसतं. मग दीड महिना अंघोळीच्या वेळी ती कापसाला व्हॅसलीन लावून त्याचा बोळा माझ्या कानात बसवायची, पाणी डोक्यावर घेताना एक तळहात त्या कानावर धरायची. पडदा आपोआप भरून आला. तोवर वर्गात ती मला उजव्या बाजूच्या बाकावर बसवायची, म्हणजे चांगला कान तिच्याकडे राहील. हे तिने कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मला ते मोठी झाल्यावर, असंच कधीतरी भांडी घासताना उमगलं.

आणि मी? मी तिला विचारत होते, लक्ष कुठे होतं.

त्या रविवारनंतर मी आईकडे नीट बघायला लागले आणि एकेक गोष्ट जुळत गेली. चारचौघांत बसली की ती इतरांच्या हसण्याच्या किंचित मागून हसायची. कुणी काही विचारलं की आधी "हो" म्हणायची, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ते उत्तर बसलं नाही असं दिसलं की "म्हणजे, बघू" म्हणायची. घरात टीव्हीचा आवाज वाढला होता, त्यावरून आमची रोज कुरबुर होती. एकदा रात्री तिने विचारलं होतं, "वरच्यांचा मिक्सर एवढ्या उशिरा का चालू आहे?" मिक्सर चालू नव्हता. "मग माझ्याच कानात रातकिडे बसलेत," म्हणून ती पडून राहिली होती. मला सगळ्यात जास्त लागलं ते भजनी मंडळाचं. कॉलनीच्या मारुतीच्या देवळात गुरुवारी बायकांचं भजन असतं, आई तिथे वीस वर्षं टाळ धरायची. दोन वर्षांपूर्वी तिने जाणं बंद केलं. गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही असं सांगितलं, आम्हाला ते पटलंही. त्याआधी काही महिने मात्र ती एकच तक्रार करायची, की हल्लीचे टाळ बोथट आलेत, पूर्वीच्या काशाला जो नाद होता तो यांना नाही. तिने स्वतःच्या पैशांनी नाशिकच्या भांडी बाजारातून नवे टाळ आणले होते. तेही तिला बोथटच वाटले. टाळांचा नाद बारीक आणि टोकदार असतो, आणि तोच आधी हरवतो हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं धातू बिघडला.

डॉक्टरांकडे जायला ती चटकन तयार झाली नाही. "वयाप्रमाणे होतं," म्हणाली. मी तिला दाण्यांबद्दल काहीच बोलले नाही. माझाच कान बघून घ्यायचाय, चल सोबत, असं म्हणून नेलं. डॉक्टरांनी कानात दिवा धरून बघितलं. डाव्या कानात मळाचा बोळा घट्ट बसला होता. आई लहानपणापासून कानकोरण्याने कान कोरते, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेलं पितळेचं छोटं कानकोरणं तिच्या आईचं आहे. अलीकडे त्याच्या जोडीला कापसाच्या काड्या आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, कान स्वतःला स्वतः साफ करतो. आतली कातडी हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकत असते, चावताना जबडा हलतो त्याची मदत होते आणि मळ आपोआप दारापर्यंत येतो. आपण काडी घालतो आणि आलेला मळ परत आत ढकलून ठासतो. तो मळही कचरा नसतो, त्यानेच आतल्या कातडीला ओलावा राहतो आणि किडा, धूळ, पाणी अडतं. पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब घातले, मग पिचकारीने कान धुतला. पाणी अंगाच्या उष्णतेइतकंच कोमट लागतं, थंड किंवा जास्त गरम गेलं तर घेरी येते, म्हणून नर्सने ते आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघितलं. काळपट तपकिरी गोळी ट्रेमध्ये पडली तशी आई दचकून म्हणाली, "अगंबाई, पंखा वाजतोय!" मला वाटलं, सुटलो. एवढंच होतं तर. डॉक्टरांनी मात्र लोखंडी चिमट्यासारखा दिसणारा नादकाटा गुडघ्यावर आपटून आधी तिच्या कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला, मग कपाळाच्या मधोमध. कुठे जास्त येतं, कुठे थांबतं, एवढेच प्रश्न. एकोणिसाव्या शतकापासून ही चाचणी अशीच होते म्हणे, आणि दोन मिनिटांत सांगते की अडथळा दारात आहे की आत. आईचा आत होता.

पुढच्या आठवड्यात ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, झाली. काचेची खिडकी असलेली लहानशी खोली, भिंतींना खड्डेदार फोम, आत एक खुर्ची. आईच्या कानांवर हेडफोन आणि हातात बटण. बारीकसा जरी आवाज आला तरी दाबायचं, असं तिला सांगितलं. मी खिडकीबाहेर बाकावर बसले. आई अगदी ताठ बसली होती, पदर नीट घेऊन, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. सुरुवातीला अंगठा भराभर दाबला जात होता. मग थांबायला लागला. बाहेरच्या पडद्यावर मला दिसत होतं की आवाज सोडला जातोय, वाढवला जातोय, आणखी वाढवला जातोय, आणि आतला अंगठा हलत नाहीये. ती भिंतीकडे बघत होती. कपाळावर एक आठी होती, ऐकण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाची. मला आत जाऊन तिचा अंगठा दाबावासा वाटला. मग दुसरी चाचणी, शब्दांची. तिकडून एक मुलगी मराठी शब्द म्हणत होती आणि आईने ते परत म्हणायचे होते. घर. घर. पाणी. पाणी. मग कुठला तरी शब्द आला आणि आई म्हणाली, "परत सांग बाळ." आयुष्यभर जिने दुसऱ्यांना शब्द घातले, ती कुणाच्या तरी पोरीच्या तोंडचे शब्द पकडायला धडपडत होती. बाहेर आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "किती चुकले गं?"

कागदावर उजव्या कानाची लाल वर्तुळं होती आणि डाव्याच्या निळ्या फुल्या. डावीकडे २५० हर्ट्झचे जाड आवाज, उजवीकडे ८००० हर्ट्झचे बारीक. तिची वर्तुळं आणि फुल्या डावीकडे बऱ्यापैकी वर होत्या आणि मग उजवीकडे उतरत गेल्या, घाटातला रस्ता उतरावा तशा. जाड आवाज जिथे २५ डेसिबल एवढ्या जोराने आला तरी भागत होतं तिथून ४००० हर्ट्झपर्यंत येईतो ७० लागत होते. त्या मुलीने समजावून सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. अ, आ, ओ असे स्वर जाड आवाजाचे, ते आईला ऐकू येतात. स, श, फ, त, थ ही व्यंजनं बारीक, ती गळतात. म्हणून सात, हात, भात तिच्याकडे एकच होऊन पोचतात. बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. पुढचं ती ओठांवरून, चेहऱ्यावरून, संदर्भावरून भरून काढते, आणि दिवसभर असं भरून काढून माणूस संध्याकाळी थकून जातं. आई संध्याकाळी लवकर निजायला जाते, त्याचाही अर्थ असा लागला. आणि आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण तर तिने दोन वाक्यांत सोडवलं. आई म्हणायची "काय?", मी मोठ्याने सांगायचे, की लगेच ती म्हणायची, "अगं, ओरडतेस कशाला!" मला वाटायचं ही चिडते. पण या बहिरेपणात हळू आवाज येतच नाही आणि मोठा आवाज एकदम अंगावर येतो. मधली जागाच अरुंद होते. शिवाय आपण ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढीच बारीक राहतात. म्हणजे आम्ही ओरडून तिला नेमकं तेच जास्त देत होतो जे तिला येतच होतं.

लोक म्हणतात नस सुकली. कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखी वेढे घेत गेलेली नळी असते, तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. जन्माला येताना जेवढ्या मिळतात तेवढ्याच. बारीक आवाजांच्या पेशी नळीच्या दाराशी असतात आणि बहुतेकांची झीज तिथूनच सुरू होते. गेलेली पेशी माणसात परत येत नाही. कोंबडीच्या पिल्लात मात्र येते. आवाजाने मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवतात हे १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या पाखराला कुकरच्या तीन शिट्ट्या देऊन आपण शिजवतो, त्याला जे जमतं ते माझ्या आईला जमत नाही, हा विचार विचित्र होता खरा, पण जाता जात नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१च्या अहवालात लिहिलंय की २०५० पर्यंत जगातल्या चौघांतल्या एकाला कमी-अधिक प्रमाणात ऐकू येईनासं झालेलं असेल. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू न येणं धरलं आहे. हे वाचताना मी थांबले. कारण त्यामागे जी कारणं देतात त्यांत एक एकटेपणाचं आहे, आणि ते मला अहवालात वाचायची गरज नव्हती. ते माझ्या घरात रोज घडत होतं, आणि घडवणारी मी होते.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

हे दोन शब्द मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन? भाजीवाली काय म्हणाली, लिफ्टमध्ये कोण भेटलं, ऑफिसात कुणाच्या डब्यात आज परत मेथीच होती, असलं काहीतरी मी बोलता बोलता बोलून जायचे. आई विचारायची, काय म्हणालीस. ते परत सांगण्याइतकं महत्त्वाचं नसायचं. मोठ्याने सांगायला गेलं की त्यातली गंमत उडून जायची. मग "काही नाही, असंच." आणि आई परत आपल्या निवडण्या-टिपण्याकडे वळायची. हळूहळू तिच्यापर्यंत पोचायचं ते फक्त महत्त्वाचं उरलं. गोळी घेतलीस का. जेवलीस का. उद्या पेन्शनच्या बँकेत जायचंय. आम्ही तिला कामाचं सगळं सांगत होतो, जोरात आणि स्पष्ट, आणि आपली जबाबदारी पार पाडतोय असं समजत होतो. बिनकामाचं सगळं बंद झालं होतं. पण माणूस घरातलं आहे म्हणजे त्याला बिनकामाचं सांगितलं जातं, एवढंच तर असतं. पाहुण्यालाही आपण जेवलात का विचारतोच.

मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा आई पहिल्यांदा चिडली. चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो, किती साधं नाव आहे, वयाला लागलेलं, त्यात कुणाचा अपमान नाही. कानाच्या मशीनला मराठीत असं मायेचं नाव कुणी दिलंच नाही. दिसू नये म्हणून तिने केस कानांवरून घ्यायला सुरुवात केली. दोन्ही कानांची मिळून स्कूटर येईल एवढी किंमत झाली, ते ऐकून तर दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं, असं तिने विचारलं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून अशी साधनं मिळतात हे सांगितल्यावर तिने लगेच आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या सासूचं नाव काढलं, त्यांचं कार्ड कुठलं आहे ते विचार म्हणाली.

पहिल्या दिवशी मशीन लावून घरी आली ती बावरलेली. प्लॅस्टिकची पिशवी उलगडली तर तिने कानांवर हात ठेवले. नळ, फ्रीज, पेपरची घडी, स्वतःच्या सपाता, सगळं अंगावर येत होतं, आणि स्वतःचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. इतकी वर्षं मेंदूला जे मिळालंच नव्हतं ते एकदम आलं की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्याला कळत नाही, ते शिकायला आठवडे जातात. म्हणून आधी शांत घरात, रोज थोडा थोडा वेळ. दुपारी ती कणीक मळत होती आणि मधेच थांबली. हात परातीवर तसेच धरून मला म्हणाली, "ऐक." मला काहीच ऐकू आलं नाही. तिने मनगट हलवलं. "बांगड्या," म्हणाली. काचेच्या हिरव्या बांगड्या, दोन पाटल्यांच्या मधल्या. मग परत कणीक मळायला लागली, नेहमीपेक्षा जास्त वेळ, गरज नव्हती तरी.

त्या महिन्यात माझा मुलगा ढोल पथकाच्या सरावाला जायला लागला होता. गोदावरीच्या, आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात, काठावर संध्याकाळी पथकं उभी राहतात आणि नाशिक ढोलाचा तो दणका छातीत बसतो. मलाही तो आवडतो, खोटं कशाला बोलू. एका रात्री तो घरी आला आणि म्हणाला, "कानात गुंई वाजतंय, सकाळपर्यंत जाईल." पूर्वी मी हसून सोडलं असतं. त्या रात्री त्याला आजीचा कागद काढून दाखवला. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १००ला पंधरा मिनिटं उरतात. पथकातली मुलं कापसाचे बोळे घालतात, त्याने फारसं काही अडत नाही. आवाजाचा कायदा २००० सालापासून आहे, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि विसर्जनाच्या दिवशी तो कुठे असतो हे आपण सगळेच जाणतो. मला त्यावर भांडायचंय आणि मी भांडेन, पण त्या रात्री मला फक्त एका पोराचे कान हवे होते. तो कागदावरच्या उतरत्या वर्तुळांकडे बघत राहिला आणि विचारलं, "आजीला डीजे नव्हता ना?" नव्हता. तिचं वयानेच झालं. "मग माझं किती लवकर होईल?" दुसऱ्या दिवशी ढोलवाल्यांसाठीचे कानात बसणारे मऊ प्लग त्याने स्वतः मागवले, स्वतःसाठी आणि ताशा वाजवणाऱ्या मित्रासाठी. ताशाचा आवाज तर आणखी टोकदार.

मशीनने आई पूर्वीसारखी झाली असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये ती ते काढून पर्समध्ये ठेवते. पावसात, अंघोळीत, झोपताना काढावंच लागतं. मशीनची छोटी बॅटरी घालताना आधी पाठीवरचं चिकट लेबल सोलून मिनिटभर हवेत ठेवावी लागते, हवा लागल्याशिवाय ती जागी होत नाही. हे आई न चुकता करते आणि तेवढा मिनिटभर हातात बॅटरी धरून शांत बसते. मिठी मारली किंवा कानाजवळ हात नेला की मशीनच बारीक शिट्टी मारतं. ती शिट्टी आम्हाला ऐकू येते, तिला नाही. मुलगा सांगतो, "आजी, वाजलं," की ती बोटाने दाबून नीट बसवते. गुरुवारी ती भजनाला परत जायला लागली. नवे टाळ बरे आहेत म्हणते, जुन्यांची सर नाही.

परवा रात्री जेवणाआधी तिने मशीन काढून डबीत ठेवलं होतं आणि कुकरसमोर उभी होती. मी बेसिनपाशी पालक धूत होते. पाठमोरीच बोलत होते, माझ्याच नादात, की भाजीवाली आज म्हणाली, ताई, तुमच्या आई हल्ली भावात घासाघीस करत नाहीत, बऱ्या आहेत ना? आई म्हणाली, "काय म्हणालीस?"

तोंडात 'काही नाही' आलं होतं. नळ बंद केला. हात पुसले. शेगडीपाशी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले, दिव्याच्या उजेडात तोंड येईल अशी, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, भाजीवालीच्या आवाजासकट. ती माझ्या ओठांकडे बघत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मग उद्या मीच जाते. तिला वाटायला नको." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. आमच्या बोलण्यात तिची नजर माझ्याकडे होती, तिला दिसली नव्हती. मी दोन बोटं वर केली. तिने मुठीतून दाणा काढला आणि पहिल्याशेजारी ठेवला.